पान संपेपर्यंत

मुखेड
१२ फेब्रुवारी १९८४

चि. शरणूस अक्काचे आशीर्वाद.

तुझं कार्ड पोचलं. लातूरला माणसं सुधारायचं स्वतःचं केंद्र काढलंस, वाचून लई बरं वाटलं बघ. आपली अव्वा असती तर लेकाच्या कौतुकानं गल्लीभर साखर वाटली असती. पाटीवर मोठ्या अक्षरात ‘जिल्हा लातूर’ घातलंय म्हणतोस. रंग वाळला का रे? आमच्याकडची म्हातारी माणसं अजून लातूरला उस्मानाबादेतच धरतात.

इथली हालत काय लिवू. आड आटला, टँकर येतो म्हणतेत आन् येतो तवा आम्ही एकमेकीच्या झिंज्या धरायच्या बाकी असतोय. पण आज पत्र लिवायला बसले ते तुझ्या दाजीपायी.

विहिरींचा ठेका घेणाऱ्या व्यंकटराव गुत्तेदाराच्या टोळीत हे सुरुंग लावतात, तुला ठावं हाय. यंदा जो तो आपली विहीर खोल करून राहिला, म्हणून कामाला तोटा न्हाई. टोळी सध्या उदगीरच्या बाजूला हाय. पण दाजी कामाचे राहिले न्हाईत, शरणू. गेल्या साली रोज्याच्या महिन्यात टोळीचे पाशामियाँ उस्ताद ह्यांच्या डोळ्यादेखत गेले. सुरुंगाचे बार उडाले, उस्ताद विहिरीत उतरले आन् न उडता मागं राहिलेला एक बार उडाला. तवापासून ह्यांच्या जिवात भ्या बसलं ते बसलंच.

बार उडाले की विहिरीकडं पाठ करून बसतात. डबा उघडायचा, पान पुसायचं, चुना लावायचा, सुपारी कातरायची, सावकाश चावायचं, थुंकायचं, तोंड पुसायचं. मग दोराला हात. ही रीत उस्तादांचीच. पान संपल्याबिगर विहिरीत पाऊल न्हाई. सगळे म्हणतेत विहिरीच्या देवाचा मान असतो तो. पण उस्ताद एक पान खात. हे दुसरं लावतात, कधी तिसरं. वर दगडाचा पाळणा ओढणारा यारीवाला बसून, मजूर बसून, व्यंकटरावच्या पायाला भिंगरी. उस्तादांचा लेक नासिर ह्यांच्याच जोडीला हाय. बाप असा गेला तरी त्याला कशाचं काही न्हाई. हसतो आन् म्हणतो, “चाचा, चौथं मी लावून देऊ का?”

व्यंकटरावनं सांगितलंय, पाडव्यापर्यंत सुधारले तर बरं, न्हाई तर घरी बसा. घरी बसून काय करंल रे हा माणूस? त्यांना दुसरं काही येत न्हाई आन् बसून खायची सवय न्हाई.

तू लोकांचे स्वभाव बदलतोस म्हणं. मग बाहेरच्याचे बदलायच्या आधी घरच्याचं बघ. दाजीचं एवढं भ्या काढून टाक. तुझी अक्का काही मागत नसती, आज मागते.

तुझी अक्का,
नीलम्मा


लातूर
१९ फेब्रुवारी १९८४

ती. अक्कास शरणप्पाचा साष्टांग नमस्कार.

तुझं पत्र दोनदा वाचलं. तू काळजी करू नकोस. दाजी माझ्याकडं यायला तयार असतील तर निम्मं काम झालंच म्हणून समज.

आता माझ्या कामाबद्दल थोडं सांगतो, कारण तुला वाटत असेल, शरणू पूर्वी साड्या विकायचा, आता गोड बोलणं विकतो. आमच्या धंद्यात लबाडी फार आहे, अक्का. मी पुण्याला शिकलो तिथंसुद्धा तेच. शिबिर संपलं की विचारायचं, “कसं वाटतंय?” माणूस म्हणतो, “छान वाटतंय.” टाळ्या, हार, फोटो. महिन्याभरानं तोच माणूस पुन्हा पितो, पुन्हा बायकोवर हात उगारतो, आणि ते बघायला कुणी जात नाही. मला ते बघवलं नाही. मी ठरवलंय, मोजल्याशिवाय बदल झाला असं म्हणायचं नाही. इथं एक कारकून आहे, साहेबासमोर त्याचं बोलणं अडकायचं. किती वेळा अडकतो ते मी त्याच्या शेजारच्या टेबलावरच्या माणसाकडून मोजून घेतो. त्याला काय वाटतं हे मी विचारतच नाही.

दाजींचं मोजमाप तर फारच सोपं. शेवटचा बार उडाल्यापासून दोराला हात घालेपर्यंत किती वेळ गेला, एवढंच बघायचं. व्यंकटरावांशी बोललो. ते स्वतः घड्याळ लावून बसणार आहेत. नव्या जिल्हा कचेरीत त्यांची ऊठबस आहे, माणूस कामाचा आहे. दर रविवारी मी उदगीरला जाईन आणि दाजींशी एकांतात बोलेन.

अक्का, भीती म्हणजे डोक्याला लागलेली वाईट सवय. लागली तशी सुटते. उन्हाळा संपायच्या आत तुला तुझा जुना माणूस परत मिळेल.

तुझा,
शरणू


मुखेड
१४ मार्च १९८४

चि. शरणूस आशीर्वाद.

अरे काय जादू केलीस! हे परवा बाजाराला घरी आले, तर पानाचा डबा माझ्या हातात दिला आन् म्हणले, “ठेव वर. आता लागत न्हाई.” मला वाटलं थट्टा करतेत. दोन दिवस राहिले, एक पान तोंडात घातलं न्हाई! दात घासून घासून पांढरे केलेत, आरशात बघून हसतेत. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण ह्यांचे दात असे बघितले नव्हते मी. मी बी हसले, लाजले बी, तुला काय सांगायचं.

झोपेतलं दचकणं गेलं. जेवण वाढलं. व्यंकटरावनं घरी येऊन चहा पिला आन् म्हणला, “वहिनी, तुमच्या भावानं कमाल केली.” जन्नतबीच्या दारात उभी राहून मी तुझी तारीफ केली. ती उस्तादांची बायको, बिचारीनं सगळं ऐकून घेतलं.

एकच सांगते, हसू नको. आपल्या मळ्याकडच्या पडक्या विहिरीवर एक लाकूड आडवं टाकलेलं हाय ना, कुजकं. परवा हे त्याच्यावरून चालत पल्याड गेले आन् परत आले. मी वरडले तर म्हणतेत, “बघ, काही वाटत न्हाई.” गड्यावाणी छाती काढून उभे. पोरकटपणा, दुसरं काय. बरं वाटल्यावर माणूस थोडा चढतोच.

होळीला पुरणाच्या पोळ्या करीन म्हणते, पाणी मिळालं तर. सवड काढून ये.

तुझी अक्का


लातूर
२२ मार्च १९८४

ती. अक्कास सा. नमस्कार.

पत्र वाचून समाधान झालं. पानाबद्दल तू लिहिलंस ते मुद्दाम घडवलेलं आहे, म्हणून सांगतो. दाजींना वाटायचं की ते देवाचा मान राखतात. मी त्यांना एवढंच विचारलं, “देव तुम्हाला कधी म्हणाला, थांब?” पान ही कुबडी होती, अक्का. भीतीला बसायला जागा हवी असते, ती जागा मी काढून घेतली. आता बार उडाले की मनातल्या मनात एक वाक्य म्हणायचं, उठायचं आणि दोराला हात घालायचा.

आकडे ऐक. सुरुवातीला पाऊण तास, कधी त्याहून जास्त. पहिल्या रविवारनंतर अर्ध्या तासावर आले. आता दहा मिनिटांच्या आत. भिंतीवर मी आलेख लावलाय. रेघ अशी उतरत येते की येणारा प्रत्येक माणूस तिच्यासमोर थांबतो. केंद्रात पस्तीस जण येतात, कुणाचंच इतकं स्वच्छ मोजमाप नाही. रेघ अजून खाली नेता येईल.

व्यंकटरावांनी कचेरीतल्या एका साहेबांना ती रेघ दाखवली. एप्रिलच्या शेवटी साहेब स्वतः विहिरीवर बघायला येणार आहेत. त्यांना पटलं तर भागातल्या सगळ्या टोळ्यांना हे शिकवायचं काम मला मिळेल, पुढं कचेरीतल्या माणसांनाही. जिल्हा नवा आहे, सगळ्या गोष्टी पहिल्यांदाच होतायत. आत शिरायचं तर आत्ताच.

नासिरही माझ्याकडं यायला लागलाय, स्वतःहून. त्याला भीती नव्हतीच, पण दाजींच्या पुढं जायचंय म्हणतो.

लाकडावरून चालल्याचं वाचून मी हसलो नाही. ते चांगलं लक्षण आहे. बदल एका जागी थांबत नाही, पसरतो.

शरणू


मुखेड
९ एप्रिल १९८४

चि. शरणूस आशीर्वाद.

तू होळीला आला न्हाईस, पाडव्याला बी न्हाईस. असो. तुला काम हाय.

आज मी भांडायला लिवत न्हाई, विचारायला लिवून राहिले. नीट वाच.

पाडव्याला मी जन्नतबीकडं सांज्याच्या पोळ्या घेऊन गेले. बसले. पोराची गोष्ट निघाली. मी म्हणलं, नासिर बी शरणूकडं जातोय, चांगलं हाय, पानाचा नाद लागायच्या आधीच सुटंल. तर तिनं पोळ्यांचं ताट खाली ठेवलं. मग म्हणली, “नीलाबाई, पान तर ते रोज खात होते. बस त्या दिवशी खाल्लं न्हाई.”

मी म्हणलं, कामून?

“रोजा होता ना.”

ती पुढं बोलत राहिली, मला मात्र ऐकू येईना. रोज्यात पान कसं खातील? दर साली रोज्याच्या महिन्यात उस्ताद सुरुंगाचं काम घेतच नसत. गेल्या साली पाऊस लांबला, व्यंकटरावनं सोडलं न्हाई. बार उडाले, डबा घरी, मग विहिरीकाठी बसून करायचं काय? उठले आन् उतरले. बास.

आम्ही सगळे म्हणत व्हतो, देवाचा मान चुकला. मान-बिन काही न्हाई, शरणू. वातीत कुठं ओल असली, दारू कुठं दबली, की एखादा बार मागं राहतो आन् उशिरा उडतो. दोन बार संग उडाले की कानाला एकच वाटतो, मोजून बी कळत न्हाई. म्हणून बसायचं. रिकामं बसवत न्हाई म्हणून पान. कुण्या जुन्या माणसानं लावून दिलं आसंल, पुढच्यांनी देवाचं म्हणून पाळलं. उस्तादांना बी ठावं नव्हतं बघ. ठावं असतं तर रोज्यात बी बसले असते.

तुझ्या दाजीचं भ्या जास्ती झालं व्हतं, मान्य. मीच म्हणले काढून टाक म्हणून. पण तू जास्तीचं तेवढंच काढलंस का सगळंच? तिसरं पान काढायचं व्हतं रे, पहिलं न्हाई.

आन् तुझी ती रेघ. तू म्हणतोस मोजल्याबिगर मानत न्हाई. मग सांग, पान खाऊन उतरले आन् जिते वर आले, तसे दिवस कुणी मोजले? जे घडलंच न्हाई ते व्यंकटरावच्या घड्याळात दिसंल कसं?

दाजीला मी हे बोलले. ते हसले. पांढरे दात काढून हसले, मला ते दात आता बघवत न्हाईत. म्हणले, “शरणप्पाला विचार.” म्हणून विचारते. त्यांना सांग, पान खा. तुझ्या तोंडून सांग. माझं ते ऐकत न्हाईत.

अक्का


लातूर
१४ एप्रिल १९८४

ती. अक्कास नमस्कार.

तुझी काळजी समजते. पण एका घटनेवरून असा निष्कर्ष काढता येत नाही. उस्तादांनी त्या दिवशी पान खाल्लं नव्हतं, तसा त्यांनी पाणीही प्यायलं नव्हतं, जेवले नव्हते. मग दोष कशाचा? जन्नतबी दुःखात आहेत, दुःखात माणूस दुवे जोडत बसतो. तू शहाणी आहेस, तू तसं करू नकोस.

माझ्याकडं पुरावा आहे. दोन महिने दाजी वेळ कमी कमी करत खाली उतरतायत आणि एकही वाईट प्रसंग नाही. एकही नाही. आता ते तीन-चार मिनिटांवर आलेत. नासिर तर त्याहून कमी. तुझ्या कानावर टोळीतलं काही उलटसुलट आलं तर लक्ष देऊ नकोस. गडी रिकामे असले की बोलतात.

एक विनंती. साहेब ३० तारखेला सोमवारी विहिरीवर येणार आहेत. तोपर्यंत दाजींपाशी हा विषय काढू नकोस. मन आत्ता कुठं घट्ट झालंय. शंकेचा एक थेंब पुरतो. तूच म्हणाली होतीस ना, भ्या काढून टाक? मी काढलंय. आता तूच परत घालू नकोस.

अक्का, माझं सगळं ह्या एका दिवसावर आहे. साड्यांच्या दुकानात परत गेलो तर लोक काय म्हणतील, विचार कर.

शरणू


मुखेड
२ मे १९८४

शरणू,

सोमवारी विहिरीवर तू व्हतास, मी बी व्हते. तरी लिवते, कारण तू घड्याळाकडं बघत व्हतास.

मी पहिल्या गाडीनं उदगीरला आले, ते कुणाला न विचारता. पदरात विडा बांधून आणला व्हता. दाजीला बाजूला घेऊन म्हणलं, एवढा खा, माझ्यासाठी खा. त्यांनी तो हातात घेतला, बघितला आन् मातीत टाकला. रागानं न्हाई बरं. कागद टाकावा तसा. म्हणले, “आता त्याचं काय काम?” ह्या माणसानं माझ्यावर हात उगारला असता तरी मला एवढं वाईट वाटलं नसतं.

मग साहेब आले. खुर्च्या, सरबत. गावात प्यायला पाणी न्हाई आन् तुमचं सरबत. वाती पेटवून दाजी वर आले. बार उडाले. धूर अजून वर येऊन राहिला, तोवर हे उठले. व्यंकटरावनं घड्याळ वर धरलं. मी ह्यांचं तोंड बघितलं, शरणू. त्यात काहीच नव्हतं. भ्या नव्हतं, ते ठीक. पण मी नव्हते, घर नव्हतं, काहीच नव्हतं. मला एकच सुचलं. मी पळत गेले आन् यारीच्या पाळण्यात जाऊन बसले. यारीवाल्याला म्हणलं, सोड खाली. तो येडबाडल्यावाणी बघाय लागला. मी पायानं काठ ढकलला. पाळणा विहिरीच्या तोंडावर लोंबाय लागला.

तवा हे वरडले, “नीला! बाहेर ये!”

चार माणसांत ह्यांनी आजवर मला नावानं हाक मारली न्हाई. आवाज फाटला व्हता. दोर धरून मला काठावर वढलं. मग मला घट्ट धरून विहिरीकडं पाठ करून खाली बसले आन् लेकरावाणी रडले. मी बी रडले. मला लई बरं वाटलं रे. माझा माणूस परत आला.

तू काय बघितलंस? तू बघितलंस की तुझा माणूस हुकला. नासिर हसत पुढं आला, “चाचा, बसा तुम्ही,” म्हणला आन् सरसर खाली उतरला. आन् काहीच झालं न्हाई. वर आला, साहेबांनी टाळ्या वाजवल्या. माझ्याकडं सगळ्यांनी येडी म्हणून बघितलं, तू तर बघितलंच न्हाईस.

घरी आल्यावर दाजीनं टोपी काढून कान दाखवला. वरची कड फाटलेली. पाडव्याच्या पुढच्या आठवड्यात हे दोरावर अर्ध्यात असताना मागचा बार उडाला, दगड कानाला लागून गेला. बोटभर इकडं असता तर? तू त्यांना म्हणलास, घरी सांगू नका. आन् रक्त पुसून लगेच परत उतरले म्हणून शाबासकी दिलीस. त्या दिवसाचा आकडा बी तुझ्या रेघेत घातलास. आन् मला लिवलंस, एकही वाईट प्रसंग न्हाई. एकही न्हाई, दोनदा लिवलंस. माझ्यापाशी खोटं बोललास, शरणू. मी तुला कडेवर घेऊन वाढवलं.

आता ते जाऊ दे. व्यंकटरावनं ह्यांना कामावरून काढलं, काढू दे. मला नासिरची फिकीर हाय. दाजी त्याच्या घरी जाऊन आले. सगळं सांगितलं, कान दाखवला, बापाच्या रोज्याचं सांगितलं. तो म्हणतो, “चाचा, तुमचं भ्या तुमच्यापाशी ठेवा.” त्याची बायको बिलकीस, तिच्या लग्नाला साल बी झालं न्हाई. ती आतून ऐकत व्हती. तो फक्त तुझं ऐकतो. तू एकदा सांग. बार उडाल्यावर बस म्हण. पान नको खाऊ, नमाज पढ, गाणं म्हण, काही कर, पण बस. एवढं केलंस तर बाकी सगळं मी विसरते.

अक्का


लातूर
८ मे १९८४

ती. अक्कास नमस्कार.

तुझ्या पत्राचं उत्तर द्यायला उशीर झाला, कारण धावपळ फार आहे. साहेबांनी होकार दिला. सोमवारपासून बिलोलीच्या बाजूच्या टोळ्या, मग इकडच्या. माणसं जास्त आहेत, म्हणून नासिरला मी हाताशी घेतलंय. तो त्यांच्यासमोर उतरून दाखवील.

कानाचं मी लिहिलं नाही, कारण तू घाबरली असतीस. ते खोटं बोलणं नव्हतं. दाजींना इजा झाली नाही, म्हणजे मोजण्याच्या दृष्टीनं प्रसंग झाला नाही.

दाजींबद्दल मनाला लावून घेऊ नकोस. मी त्यांना हिशेबात धरलेलंच नाही. जे मधेच सोडून जातात त्यांना धरायचं नसतं, अशी रीत आहे. पुण्यालाही तसंच करतात. त्यांना काढलं तर माझ्याकडं एकही अपयश नाही.

नासिरला थांब म्हणून सांगण्याबद्दल. अक्का, मी विचार केला, खरंच केला. पण कारण सांगितलं की शंका येते आणि शंका आली की हात थांबतो. मग मी काय शिकवलं? इतक्या माणसांसमोर तो एकदा जरी अडखळला तरी सगळ्यांवर परिणाम होईल. पाऊस पडला की विहिरींचं काम आपोआप थांबेल. महिन्याभराचा प्रश्न आहे. तेवढं निभेल.

तू मला कडेवर घेऊन वाढवलंस हे मी विसरलो नाही. नव्या जागेत केंद्र हलवलं की पहिला नारळ तुझ्या हातून फोडायचाय.

तुझा,
शरणू


मुखेड
२७ मे १९८४

शरणप्पा,

तुला कळलं आसंल. तरी मी लिवते, तुला कुणी नीट सांगणार न्हाई.

शब्बेबारातीला नासिर बापाच्या कबरीवर जाऊन आला. त्याला आठवडा झाला न्हाई तोवर त्याच कबरीच्या बाजूला त्याला ठेवला. बिलोलीकडच्या विहिरीवर झालं. दुसऱ्या टोळीची माणसं गोल करून बघत व्हती. बार उडाले, धुरातच तो उतरला. तळाला पाय टेकला आन् मागचा बार उडाला. दाजी खांदा द्यायला गेले, तर व्यंकटराव तिथं बी आला व्हता. तो दाजीच्या कानाला लागून म्हणाला, आजवरचा सगळ्यात कमी वेळ व्हता. त्याला बी रडू येत व्हतं, पण त्याला दुसरं काही सांगायचं सुचलं न्हाई.

दाजी आता रोज सकाळी निघतात आन् जिथं सुरुंग चालू हाय तिथं जाऊन उभे राहतात. माणसांना सांगतात, बसा. काही बसतात. काही म्हणतात, आम्हाला शिकवलंय. तू शिकवलेली माणसं कुठं कुठं हायत ते आम्हाला ठावं न्हाई. तुला ठावं हाय. त्यांची गावं लिहून पाठव, किंवा आपल्या पायानं जा. मी तुला आता विनंती करत न्हाई, मी सांगते.

जन्नतबी काही बोलत न्हाई. बिलकीस बोलते, पण एकच. मी जाऊन बसले की माझा हात धरते आन् विचारते, “खालाजान, त्यांना भ्या वाटलं आसंल का हो? खाली, शेवटी?”

मी म्हणलं, न्हाई बाई. अजिबात न्हाई. त्याचं भ्या माझ्या भावानं आधीच काढलं व्हतं.

ती म्हणली, “अच्छा हुआ,” आन् माझा हात सोडला.

नीलम्मा